उजेड दिसला की नापास

गुण्यासरांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर आणि कॉलेजच्या कोनशिलेवर. बाकी सगळीकडे ते तोंडावर सर आणि पाठ वळली की गुण्या. हे टोपणनाव त्यांना माहीत होतं आणि आतून आवडायचंही, हे त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ती चिडली की म्हणायची, पोरांनी तुम्हाला गाढव म्हटलं असतं तरी चाललं असतं, फक्त ते ताठ उभं राहणारं हवं.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधं हत्यार. एक जाड लोखंडी दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेली पातळ पोलादी पट्टी. गवंड्याकडे असतो, सुताराकडे असतो, आणि फिटरचं तर त्याच्यावाचून पान हलत नाही.

आज गुण्यासर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे कामातून गेलेत, कान शाबूत आहेत. तांत्रिक कॉलेजचे संस्थापक प्राचार्य म्हणून अजून लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. एवढं पदरात असताना त्यांना हवी होती ती एकच गोष्ट: आपल्या मुलाने एकदा घरी यावं. बत्तीस वर्षं त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. राहतो याच शहरात, बसने पाऊण तासावर. आईला बाहेर भेटतो, तिच्या औषधपाण्याचं बघतो, तिला दवाखान्यात नेतो आणि परत आणून फाटकाशी सोडतो. फाटकाच्या आत येत नाही. हे असं का झालं ते सांगायचं तर कॉलेजच्या पहिल्या पत्र्यापासून सुरुवात करावी लागेल.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सरांनी कारखान्यातली फोरमनची चांगली नोकरी सोडली आणि एका रिकाम्या गोदामात कॉलेज काढलं. त्याच वर्षी मुलगा झाला. बायको म्हणायची, मला एक झालं आणि यांना एक झालं, आणि यांचं जास्त रडायचं. गोदामाला पत्र्याचं छप्पर, जमीन अर्धी फरशीची आणि अर्धी मातीची. विद्यार्थी अकरा. प्राचार्य तेच, कारकून तेच, सकाळी झाडू मारणारेही तेच. बंद पडलेल्या गिरणीने एक लेथ दिलं, त्याचं एक चाक गायब होतं. सरांनी ते आठ दिवस बसून हाताने कापलं. जागेच्या परवानगीसाठी त्यांनी कचेरीचे इतके उंबरे झिजवले की तिथला शिपाई त्यांना आपल्यातलाच समजून फायली न्यायला सांगायचा.

कारखाना सोडताना त्यांच्या उस्तादाने त्यांना एक गुण्या दिला होता, आत मखमल लावलेल्या लाकडी पेटीत. हा सांभाळ, बाकी सगळं विकत मिळतं, असं म्हणाला होता. तो कॉलेजचा मूळ गुण्या झाला. वर्कशॉपमधले सगळे गुण्ये त्याच्याशी लावून बघायचे आणि त्याच्याशी जुळेल तोच कपाटात जाणार, हा नियम.

शिकवण्याची सरांची रीतही एकच होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस. त्यातून सहा आठवड्यांत दोन इंची चौकोनी ठोकळा घासून काढायचा, यंत्राला हात लावायचा नाही. मुलांचे तळहात सोलून निघत. घरून वडील भांडायला येत की आमच्या पोराला इंजिनियर करायला पाठवलंय, हमाल करायला नाही. सर त्यांना खुर्ची देत, पाणी देत, आणि हातात कानस देऊन म्हणत, पाच मिनिटं घासून बघा. बहुतेक जण पाणी पिऊन जात.

सहा आठवड्यांनी तपासणी. सर पूर्वेच्या खिडकीशी बसत. ठोकळ्याच्या ज्या कोपऱ्यावर पंच ठोकून केलेली खूण असे, त्या कोपऱ्याच्या कडांना मूळ गुण्या लावत आणि डोळ्यासमोर उजेडात धरत. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून काहीच दिसलं नाही तर पास. उजेडाची बारीक चीर दिसली की नापास. त्यावर वाद नाही, अर्धे गुण नाहीत, आजारपणाचं पत्र नाही. उजेड दिसला की नापास, हे वाक्य मुलं एकमेकांच्या लग्नातसुद्धा म्हणत.

भिंतीवर सरांनी स्वतः ब्रशने सात नियम रंगवले होते. चौथा नियम असा: गुण्या पडला तर आधी तपासा, मग वापरा. तपासायला काही लागत नाही. पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवायचा, पट्टीलगत रेघ ओढायची. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा. पहिल्याच तासाला सर हे शिकवत आणि म्हणत की हे न करणाऱ्याला मी माणूस समजत नाही.

दुसऱ्या वर्षी मान्यतेची समिती आली. तीन माणसं, दिवसभर फिरली, सगळ्याला नाकं मुरडली, आणि शेवटी मुख्य माणसाने मान्यतेचं पत्र पुढे केलं. ते घ्यायला सर इतक्या लगबगीने उठले की कोपराचा धक्का लागून टेबलावरचा गुण्या फरशीवर पडला. ठप्प असा बोदा आवाज झाला. समितीतला एक जण वाकून बघू लागला, तेवढ्यात सरांनी गुण्या उचलला, रुमालाने पुसला आणि पेटीत ठेवला. काही नाही, काही नाही, असं हसत म्हणाले. तीन पाहुण्यांसमोर पत्रा मागवून रेघा ओढत बसणं त्यांना बरं दिसेना.

उद्या बघू म्हणाले. उद्या अर्जांची रांग लागली. परवा इमारतीची जागा बघायला जायचं होतं. महिना गेला, वर्ष गेलं, आणि मग अशी वेळ आली की त्या गुण्यावर चाळीस मुलं पास झालेली होती. आता तपासायचा म्हणजे त्या चाळीस जणांना तोंड काय दाखवायचं. सरांनी मनाची समजूत घातली की उस्तादाची वस्तू आहे, एका पडण्याने काय होतंय. माणसाला विसरायचं असलं की तो विसरतोच, आणि सर तर सगळीच कामं मन लावून करणारे.

पुढच्या पंधरा वर्षांत कॉलेज तीन मजली झालं. गुण्या तोच. हत्यारांच्या दुकानातून नवे गुण्ये आले की सर ते मूळ गुण्याशी लावून बघत आणि बहुतेक परत पाठवत. काय भिकार माल ठेवतो, म्हणून दुकानदाराला झापत. दुकानदार धंद्यातला माणूस. त्याने पुढे पुढे पेटीतून किंचित फाकलेले गुण्येच निवडून वेगळे ठेवायला सुरुवात केली. हे कॉलेजवाल्यांना लागतात, असं म्हणायचा. सर खूश झाले, म्हणाले, आता कुठे सुधारलास.

फरक होता तो पट्टीच्या टोकाला दीड केसाएवढा. इथली मुलं कारखान्यात गेली की पहिला महिना बोलणी खात, मग तिथला गुण्या वापरून ताळ्यावर येत. कानशीला बसलेला हात मात्र असा असे की फोरमन स्वतःहून पत्र पाठवून मुलं मागत. त्यामुळे कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

मग सरांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला आणि त्याच कॉलेजात आला. त्याला घरी बाबा होते आणि कॉलेजात सर होते, आणि दोन्हीकडे सारखीच जरब. वशिल्याचा म्हणून कुणी बोट दाखवू नये म्हणून सरांनी त्याला सगळ्यांत खराब तुकडा दिला. पोराचा हात सोन्यासारखा होता. एक खोड होती, दुसऱ्याचं हत्यार वापरायचा नाही. त्याने त्याच दुकानातून आपला गुण्या आणला, वडिलांनी परत पाठवलेल्यांपैकी एक, आणि दोन रेघा ओढून खात्री करून घेतली.

पहिल्या तपासणीत त्याच्या ठोकळ्यातून उजेड दिसला. नापास. पुढच्या सहामाहीत पुन्हा उजेड, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा त्याने महिनाभर घराच्या मागच्या पडवीत बसून एकेक कड घासली. आई पाणी घेऊन जायची तर मान वर करायचा नाही. तिसऱ्या तपासणीला चाळीस मुलं रांगेत उभी होती. सरांनी ठोकळा घेतला, गुण्या लावला, खिडकीकडे धरला. तीच चीर, त्याच जागी. त्यांनी ठोकळा बाजूला सारला.

मुलगा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "सर, गुण्या एकदा उलटा करून बघा."

त्या क्षणी सरांना सोळा वर्षांपूर्वीचा तो बोदा आवाज ऐकू आला. समितीतल्या माणसाचं वाकणं, रुमाल, सगळं. पत्रा टेबलावरच होता. हात लांब केला असता तर काम झालं असतं. चाळीस मुलं बघत होती, आणि त्यांच्या मागे भिंतीवर चौथा नियम होता.

"या गुण्यावर हे कॉलेज उभं आहे," सर म्हणाले. "ज्याला तो पटत नसेल त्याला दार उघडं आहे."

मुलगा त्या दाराने गेला. घरी जाऊन त्याने कपडे पिशवीत भरले, ठोकळा आईच्या हातात दिला आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला. प्रमाणपत्र नाही म्हणून चांगल्या कारखान्यात कुणी उभं केलं नाही. प्रेसवर पत्रे कापायचं काम मिळालं, तिथे कागद विचारत नाहीत. आईने तो ठोकळा खिडकीशी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवून दिला. तिने त्यावर नवऱ्याला एक शब्द कधी ऐकवला नाही. रोज सकाळी ठोकळा उचलून ती त्यांना पेपर द्यायची, आणि ते पुरे होतं.

सर साठीला निवृत्त झाले. हार घातले गेले, भाषणं झाली. त्यांनी मुलाला बोलावणं पाठवलं, तो आला नाही. नंतर दोनदा पत्र लिहिलं. पत्रात हवापाणी होतं, तब्येतीची चौकशी होती, जे लिहायला हवं होतं ते नव्हतं. उत्तर आलं नाही यात नवल ते काय.

यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली. नव्या संचालकांनी ठरवलं की फिटिंग शॉप बंद करून तिथे संगणक मांडायचे, आणि सरांचा मूळ गुण्या काचेच्या पेटीत, आत दिवा लावून, दारातल्या दालनात ठेवायचा. खाली पाटी: संस्थेचा पहिला काटकोन. संचालक हौशी. त्यांना पाटीवर अचूक आकडा हवा होता, म्हणून त्यांनी गुण्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या बाई सरांच्या शेवटच्या तुकडीतल्या. त्यांनी गुण्या यंत्रावर ठेवला, मोजला, यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या यंत्रावर मोजला, आणि तिसऱ्यांदा मोजून पर्समध्ये घालून थेट सरांच्या घरी आल्या.

दुपारची वेळ होती. बाईंना कुठून सुरुवात करावी कळेना. त्या चहाचा कप नुसता धरून बसल्या. शेवटी त्यांनी सांगितलं. सरांनी फक्त किती, एवढं विचारलं. मग उठून स्वयंपाकघरातून डब्याचं चौकोनी झाकण आणलं, कडेला गुण्या टेकवला, सुईने रेघ ओढली, उलटा केला, दुसरी ओढली. अठ्ठेचाळीस वर्षं जे केलं नव्हतं त्याला मिनिटही लागलं नाही. रेघा तळाशी एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकत गेल्या होत्या. नातवाच्या वयाच्या पोरालाही दिसलं असतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती खिडकीशी गेली, ठोकळा उचलला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. हाही मोजा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. ठोकळ्याचे सगळे कोपरे खरे होते. हाताने केलेलं असं काम मी बघितलेलं नाही, कुणाचं आहे, असं त्यांनी विचारलं. सरांनी फोन बायकोकडे दिला.

सर आधी संचालकांकडे गेले. हा गुण्या खोटा आहे, तो मांडू नका, मांडायचा तर खाली तसं लिहा, म्हणून विनवलं. संचालकांनी त्यांना बसवलं, पंखा वाढवला. पत्रिका छापून झाल्या होत्या. "सर, आता तो मोजायला थोडाच ठेवतोय," ते समजुतीने म्हणाले. "बघायला ठेवतोय." त्यांचं खोटं नव्हतं. शॉपमधून लोखंड पकडायचे व्हाइस उचकटून काढणं चाललं होतं, आणि दीड केसाने काय बिघडलं हे विचारणारं त्या इमारतीत कुणी उरलं नव्हतं. सरांना अपमान झाला असता तर बरं वाटलं असतं. पन्नास वर्षांच्या कामात एवढी मोठी चूक निघावी आणि कुणाला तिची किंमतच नसावी, हे त्यांना त्या पंख्याखाली बसून सोसेना.

उरला मुलगा. ठोकळा फडक्यात बांधून सर बसमध्ये बसले.

मुलाचं पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. अरुंद, पण प्रत्येक पाना आपल्या खिळ्यावर. बाप दारात दिसल्यावर तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. प्रेसमध्ये गेलं असणार. घरी कुणी बोललं नव्हतं. सरांची नजर तिथून हलेना. हजारो मुलांचे हात त्यांनी तपासले होते, आणि हा हात बत्तीस वर्षांत बघितला नव्हता.

"गुण्या चुकीचा होता," ते म्हणाले. "तुझा ठोकळा बरोबर होता. यंत्रावर मोजला."

"मला माहीत आहे," मुलगा म्हणाला. "तपासणीच्या आधी तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा तुमच्याच टेबलावर दोन रेघा ओढून बघितल्या होत्या मी."

"मग त्या सगळ्यांना दाखवायच्या होत्यास."

"पुसून टाकल्या. चाळीस पोरांसमोर तुमचं नाक कापायचं नव्हतं मला. म्हटलं, नुसतं उलटा करून बघा म्हटलं की तुम्ही बघाल. खात्री होती माझी."

मुलाने ठोकळा फडक्यातून सोडवला, तळहातावर फिरवला, आणि अंगठा पंचाच्या खुणेवर नेमका जाऊन थांबला. मग बोलला तेव्हा आवाज मऊ झाला होता. तो म्हणाला की इतकी वर्षं त्याला एवढंच ऐकायचं होतं. बापाचा हत्यारावर विश्वास होता, उस्तादाने दिलेलं होतं, त्यांना शंका यायची कशी. माणसाकडून चूक होते. रविवारी येतो, आईला सांगा, असं त्याने स्वतःहून म्हटलं.

जे मागायला सर आले होते ते न मागता मिळालं होतं. आता उठायचं, बस पकडायची, घरी जाऊन सांगायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. गुण्या पडला होता हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सर उठलेही. दुकानाच्या दारातून ऊन आत येत होतं आणि मुलाच्या हातात ठोकळा होता. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या पोरांना एका चिरेसाठी परत पाठवलं होतं. ते पुन्हा स्टुलावर बसले.

"तो माझ्या हातून पडला होता," ते म्हणाले. "तू वर्षाचा होतास तेव्हा. मी तपासला नाही."

मुलाने मान वर केली. "मी उलटा करून बघा म्हणालो, तेव्हा आठवलं होतं तुम्हाला?"

"हो."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

मुलगा चिडला नाही. त्याने ठोकळा पुन्हा फडक्यात ठेवला, चारी टोकं जुळवून नीट गाठ मारली आणि बापाच्या मांडीवर ठेवला. मग पाना उचलून अर्धवट उघडलेल्या पंपापाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "हे सांगितलं नसतंत तर मी आलो असतो, बाबा."

परतीच्या बसमध्ये सरांना उभ्याने यावं लागलं. घरी बायको फाटकाशी वाट बघत होती. त्यांच्या हातातलं गाठोडं तिने घेतलं, वजनावरूनच काय आहे ते ओळखलं, तरी विचारलं.

"येतो म्हणाला का?"

"म्हणाला होता," सर म्हणाले.

ती पुढे काही विचारेल म्हणून ते थांबले. तिने आत जाऊन फडकं सोडलं, ठोकळा पदराने पुसला आणि वर्तमानपत्रांवर ठेवून दिला.